गुळाचा खडा आणि रक्तातली साखर

गोदावरीच्या उत्तरेकडील ज्या घनसावंगी तालुक्यात समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब आहे, त्याच तालुक्यातले तीर्थपुरी हे गाव आज साखर कारखान्यामुळे पंचक्रोशीत ओळखले जाते. परंतु धुराडे उभे राहण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून या मुलुखात एक रिवाज अव्याहत चालत आला आहे, तो असा की उन्हातून दारी आलेल्या माणसाला, मग तो सोयरा असो की वाटसरू, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यावे, आणि त्याचा जीव थाऱ्यावर आल्यावरच कोठून आला, काय काम काढले, याची विचारपूस करावी. हा रिवाज आतिथ्यधर्माचा खरा, पण त्याच्या पोटात एक वैद्यकीय उपचारही दडलेला होता.

हा खडा पूर्वी स्वस्त नव्हता. निजामाच्या अंमलात हा सारा प्रदेश औरंगाबादकडील अंबड तालुक्यात मोडत असे आणि जमीन बहुतांश जिरायत असे. ज्वारी आणि कापूस ही रयतेची पिके, आणि ऊस म्हणजे ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी व मोटेला बैलजोडी, अशा मोजक्या बागायतदारांचे काम. थंडीत गुऱ्हाळ लागले की चरकातला रस काहिलीत पडे, चुलाणात पाचट ढकलले जाई, भेंडीच्या चिकाने मळी वर आणून काढली जाई, आणि पाकाची नेमकी घडी ओळखून गुळव्या काहील उतरवी. त्या ढेपा वर्षभर पुरवायच्या असत. म्हणून घरातला गूळ कोणाला किती द्यायचा याची तजवीज घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या हाती राही, आणि परक्या माणसासाठी तिने ढेप फोडणे याला केवळ उपचारापलीकडचा अर्थ असे. पुढे 1972 च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी वाटली गेली, तिच्यातही धान्याच्या पिठाला जोड गुळाचीच होती. जायकवाडीची कोनशिला 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी बसवली आणि 1976 साली धरणाचे लोकार्पण झाले. डाव्या कालव्याने पाणी आले, ऊस वाढला, मोसंबीच्या बागा उभ्या राहिल्या, आणि गुऱ्हाळांची जागा कारखान्याच्या गळीत हंगामाने घेतली.

या रिवाजाचे एक वैगुण्यही सांगितले पाहिजे. भोवळ आली, हातपाय गळाले, दरदरून घाम फुटला, की कारण उन्हाचे असो, एकादशीचे असो, हिवतापाचे असो वा कोणाच्या दृष्टीचे मानलेले असो, उपाय एकच. ज्याला बरे वाटे त्याच्या बाबतीत प्रश्न तेथेच मिटे, आणि ज्याला वाटत नसे त्याच्यासाठी मीठमोहऱ्या ओवाळल्या जात. आराम पडला म्हणजे कारण कळले, अशी समजूत त्यामागे होती. तिला केवळ खेडवळ म्हणून हसण्याचा अधिकार निदान शहरी वैद्यकाला नाही, कारण रक्तातली साखर प्रमाणाबाहेर उतरते हा स्वतंत्र विकार आहे, हे त्या शास्त्रालाही विसाव्या शतकाचे पहिले पाव शतक उलटेपर्यंत नीटसे उमगले नव्हते.

ते उमगले तेही उलट्या वाटेने. टोरांटो येथे 1921-22 साली इन्सुलिन हाती आले, मधुमेही वाचू लागले, आणि मात्रा जास्त झाली की तेच रुग्ण कापरे भरून, घामाघूम होऊन कोसळतात हे दिसले. अमेरिकेतील अलाबामाचे वैद्य सील हॅरिस यांनी 1924 साली असे मांडले की ज्यांनी इन्सुलिनची सुई कधी घेतलीच नाही, अशाही काही माणसांत हीच लक्षणे आढळतात, म्हणजे त्यांचे स्वादुपिंडच ते अवाजवी स्रवत असले पाहिजे. 1927 साली मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी इन्सुलिन स्रवणाऱ्या गाठीचा दाखला प्रसिद्ध केला; 1929 साली टोरांटोतच रॉस्को ग्रॅहॅम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. त्यानंतर जो तो पोट उघडू लागेल, या भयाने की काय, न्यूयॉर्कचे शल्यविशारद अॅलन व्हिपल यांनी तीन कसोट्या घालून दिल्या: लक्षणे असावीत, त्याच वेळी तपासलेली साखर खरोखर कमी असावी, आणि साखर दिल्यावर ती लक्षणे निवळावीत. आमच्या गूळ-पाण्याने पहिली आणि तिसरी कसोटी पूर्वापार सांभाळली होती; राहिली होती ती मधली.

परंतु या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण रुग्णालयातलेच आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1942 साली, फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जांबाँ हे वैद्य विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत होते. अन्नटंचाईचे दिवस, रुग्ण आधीच खंगलेले. ताप उतरण्याची वाट पाहावी तो काहींना झटके येऊ लागले, काही बेशुद्ध झाले, काही दगावले. विषमज्वरात असे घडू शकते असे म्हणून तो विषय दप्तरदाखल झाला असता. पण रक्त तपासले तेव्हा साखर तळाला गेलेली आढळली. जांबाँ यांनी ही गोष्ट ऑग्युस्त लुबातिएर या सहकाऱ्याच्या कानी घातली, आणि त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून सिद्ध केले की स्वादुपिंड काढलेल्या जनावरावर या औषधाचा परिणाम होत नाही. म्हणजे ते त्या ग्रंथीकडूनच इन्सुलिन स्रववून घेते. ज्या गुणाने रुग्ण दगावले त्याच गुणाचे पुढे औषध झाले, आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या इलाख्यातून मुंबई राज्यात आला त्या 1956 सालाच्या सुमारास मधुमेहाच्या गोळ्या बाजारात येऊ लागल्या. आज तीर्थपुरीच्या औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कित्येक ‘शुगरच्या गोळ्या’ त्याच कुळातल्या आहेत.

अशीच गोष्ट हिवतापाची. त्याचे परजीवी डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली पाहिले ते निजामाच्या राजधानीला लागूनच असलेल्या सिकंदराबादेत. पण कोयनेल, म्हणजे क्विनीन, स्वतःच इन्सुलिन वाढवून साखर उतरवू शकते, हे थायलंडमधील रुग्णांवरून 1983 साली ठळकपणे पुढे आले. गॅटिफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकावर साखर खालीवर करण्याचा ठपका आला आणि 2011 साली भारत सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हा रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाची साखर ‘उगीचच’ उतरू लागली, तर पहिला संशय दैवावर न घेता औषधांच्या पिशवीवर घ्यावा, याला इतिहासाचा भरपूर आधार आहे.

अशा माणसाचे घरी येणे हाही गावचा एक सोहळाच असतो. भेटायला येणारे मोसंबी आणतात, ग्लुकोज बिस्किटांचे पुडे आणतात, आणि रुग्णाच्या तोंडाला चव नसते. येथेच गफलत होते: रुग्णालयात संसर्गाने वा स्टेरॉइडने साखर चढली म्हणून वाढवलेली मधुमेहाच्या औषधाची मात्रा घरीही तशीच चालू राहते, भूक मात्र अर्धी झालेली असते, मूत्रपिंडे थकलेली असतील तर ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी शरीरात रेंगाळते, आणि गुळाने सावरलेला माणूस तासा-दोन तासांनी पुन्हा कोसळतो. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड एकाएकी तुटले, यकृत खालावले, किंवा जठराची शस्त्रक्रिया झालेली असली, तरी साखर उतरू शकते. आणि या शेवटच्या प्रकारात तर जेवणानंतर दोनेक तासांनी घाम फुटतो व गोड खाण्याने पुढच्या उताराची बेगमी होते, म्हणजे गूळ-पाण्याचा उपाय तेथे उलटतो.

ग्लुकोमीटर आता खेड्यातही पोचला आहे, त्यामुळे मधली कसोटी घरी पाहता येते. मधुमेह्याची साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम ग्लुकोज वा तितकीच साखर पाण्यातून द्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी, आणि सावरल्यावर भाकरी-वरण खाऊ घालावे. अॅकार्बोज ही गोळी चालू असेल तर गूळ-साखर फार सावकाश लागू पडते, तेथे ग्लुकोजच हवे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 ला फोन करावा. आणि प्रत्येक वेळचा आकडा, वेळ, आधीचे खाणे आणि गोळी, यांची नोंद डिस्चार्ज कार्डासोबत जपून डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळी बंद करण्याचा वा बदलण्याचा निर्णय त्यांचा. पण त्यांना विचारण्याची घाई मात्र घरच्यांनीच करायची असते.

एवढे करूनही कारण सापडत नाही, असे काही रुग्ण उरतातच. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर लक्षणांसह 55 च्या खाली जात असेल, तर मोठ्या रुग्णालयात देखरेखीखाली 72 तासांपर्यंत उपाशी ठेवून, उतार येताच इन्सुलिन, सी-पेप्टाइड आणि गोळ्यांचा अंश यांची तपासणी करतात. हा उपास एकादशीचा नव्हे. त्यात साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचा लाडू, काहीएक चालत नाही, केवळ पाणी चालते, आणि ‘एवढासा गूळ दिला तर काय होईल’ म्हणणाऱ्या घरच्या बाईची समजूत घालणे हे तेथील परिचारिकेचे बहुधा सर्वांत अवघड काम असते.