किल्ली कोणाच्या खिशात? वऱ्हाडातील जिनपासून काँक्रीटच्या मिक्सरपर्यंत

१/ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला. वाशीम जिल्ह्यातून जाणारा हा रस्ता काँक्रीटचा आहे. असे काँक्रीट बॅचिंग प्लांटमध्ये तयार होते आणि तेथील एक जोखमीचे काम म्हणजे मिक्सरची सफाई.

२/ सिमेंट काही तासांतच घट्ट होते. पात्यांवरचा थर पाण्याने निघाला नाही, की कामगार छिन्नी-हातोडा घेऊन मिक्सरच्या पोटात उतरतो. यंत्र बंद असते. परंतु बाहेर कोणी नकळत बटण दाबले, तर आतल्या माणसाला सुटकेची वाट उरत नाही.

३/ हा धोका जुनाच आहे. कारंजा (लाड) ही वऱ्हाडातील कापसाची नावाजलेली पेठ. वऱ्हाडात वाफेवरच्या जिन आल्या, तेव्हापासून फिरत्या रुळांत अडकलेला कापूस काढणे म्हणजे हाताशी खेळ होता.

४/ हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. धोकादायक यंत्रांभोवती कुंपण हवे, असे तो सांगत होता. मात्र १०० पेक्षा कमी कामगारांचे, किंवा वर्षातून चार महिनेही न चालणारे कारखाने त्याच्या व्याख्येबाहेर राहिले. अनेक हंगामी जिन या फटीतून निसटल्या. हंगामी कारखाने कायद्याखाली आले ते १९११ मध्ये.

५/ सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी परळला सभा घेतली. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी, ही त्यांची एक मागणी होती. नुकसानभरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये, म्हणजे ३९ वर्षांनी!

६/ १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम २२ ने चालू यंत्राचे धोकादायक भाग साफ करण्यास स्त्रिया व अल्पवयीनांना मनाई केली. प्रौढ पुरुषाचे नाव त्या मनाईत नव्हते.

७/ १९७६ च्या दुरुस्तीने कलम २४ मध्ये एक महत्त्वाची भर पडली: वीज तोडणारी कळ चुकून चालू होण्याजोगी असेल, तर ती बंद स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय हवी.

८/ सफाई करणारा कोण, या प्रश्नापासून कायदा कुलपापर्यंत पोहोचला, त्याला जवळपास शतक लागले. आत उतरणाऱ्याने स्वतः वीज तोडावी, कुलूप लावावे आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवावी. प्लांटवर ही किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल, तर ते शतक तिथे अजून सरलेले नाही.