घड्याळ न बदलणारे राज्य : ॲरिझोना, १९६८

१/८
अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे नेली जातात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे आणली जातात. संध्याकाळी उजेड अधिक मिळावा, हा या ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’चा म्हणजे उन्हाळी वेळेचा हेतू. ॲरिझोना राज्याने मात्र १९६८ मध्येच ही प्रथा सोडली.

२/८
पहिल्या महायुद्धात इंधनबचतीसाठी १९१८ मध्ये अमेरिकेने उन्हाळी वेळ स्वीकारली. शेतकऱ्यांचा विरोध तीव्र होता. दव सुकल्याशिवाय गवताचे काम सुरू होत नसे. मजूर मात्र घड्याळाप्रमाणे घरी जात. १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने ही वेळ रद्द केली.

३/८
दुसऱ्या महायुद्धात ती परतली. त्याच काळात भारतातील घड्याळेही एक तास पुढे होती. १९४५ नंतर अमेरिकेत हा निर्णय राज्ये आणि शहरे यांच्यावर आला आणि गोंधळ माजला. ओहायोतील स्टूबेनव्हिल ते वेस्ट व्हर्जिनियातील माउंड्सव्हिल या ३५ मैलांच्या बसप्रवासात घड्याळ सात वेळा बदलावे लागे, असे सांगितले जाते.

४/८
१९६६ च्या ‘युनिफॉर्म टाइम ॲक्ट’ने यावर तोडगा काढला. उन्हाळी वेळ देशभर एकाच दिवशी सुरू होईल आणि एकाच दिवशी संपेल. ज्या राज्याला ती नको असेल, त्याने स्वतःचा कायदा करून बाहेर पडावे. पण संपूर्ण राज्याने.

५/८
ॲरिझोनाने १९६७ चा उन्हाळा नव्या वेळेनुसार काढला. जूनमध्ये फिनिक्सचा सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होऊ लागला. थंड प्रदेशात लांबलेली संध्याकाळ हवीहवीशी वाटते. वाळवंटात ऊन कलल्यावरच जिवाला गारवा मिळतो. मुले उजेडात झोपेनात, उघड्यावरील चित्रपटांचे खेळ उशिरा सुरू होऊ लागले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने उन्हाळी वेळ नाकारली.

६/८
तरीही राज्यात एकच वेळ राहिली नाही. नावाहो लोकांचा प्रदेश ॲरिझोना, यूटा आणि न्यू मेक्सिको या तीन राज्यांत पसरलेला असल्याने तेथे उन्हाळी वेळ पाळली जाते. त्या प्रदेशाने वेढलेले होपी लोक मात्र ती पाळत नाहीत.

७/८
कायद्याची खरी मेख वेगळीच आहे. राज्याला वर्षभर प्रमाणवेळ ठेवता येते, वर्षभर उन्हाळी वेळ ठेवता येत नाही. जानेवारी १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, काँग्रेसने तो प्रयोग देशभर केला. हिवाळ्यात मुलांना अंधारात शाळेत जावे लागले, पालक संतापले आणि त्याच वर्षी हिवाळ्यापुरती प्रमाणवेळ परत आली.

८/८
कायम उन्हाळी वेळेचा कायदा फ्लोरिडाने २०१८ मध्ये केला. तो काँग्रेसच्या संमतीवाचून अडला. २०२२ मध्ये सिनेटने तसे विधेयक संमत केले, पण प्रतिनिधिगृहात ते पुढे सरकले नाही. म्हणून एखाद्या राज्यात ‘घड्याळ बदलणे थांबवा’ असा प्रस्ताव येतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो : थांबायचे कोणत्या वेळेवर?