मृदंगाचे खोड, वीणेचा दांडा



माउली, दिंडीत चालताना आपली नजर वीणेच्या तारेवर जाते, तिला घातलेल्या तुळशीहारावर जाते. विणेकऱ्याच्या खांद्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आळंदीहून पंढरी अडीचशे किलोमीटरच्या घरात. एवढ्या वाटेत वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, तीही एकमेकांच्या पाया पडून. शेजारी मृदंगमणी दिवेघाट चढतो तो गळ्यात अख्खे खोड अडकवून. मग ही वाद्ये कोणत्या झाडाची करावीत, हा प्रश्न सुताराइतकाच आपलाही आहे.

हा प्रश्न मला उशिरा पडला, आणि पडला तो फजितीतून. चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. वारीच्या तोंडावर आमच्या दिंडीचा मृदंग निकामी झाला, म्हणून घाईने बाजारातून नवा घेतला. विकणारा म्हणाला, अस्सल शिसव आहे. रंग काळसर, झिलई अशी की तोंड दिसावे. उचलून पाहिला तर हलका. तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती, पण आम्ही वजन कमी म्हणून खूश झालो. आषाढातला पाऊस दोन दिवस अंगावर घेतला आणि तिसऱ्या मुक्कामी, कीर्तन रंगात आले असताना, शाईच्या बाजूचा सूर उतरू लागला. मृदंगमण्याने गट्टे ठोकले, वाद्या ओढल्या, पुन्हा उतरला. शेवटी कंदील जवळ धरला तर काठापासून खाली बोटभर चीर गेलेली. रंग खरवडला तर आत पांढरट आंबा, तोही ओला. उरलेले कीर्तन टाळांवर उरकले. त्या रात्री मी म्हटलेले एकही प्रमाण मला आठवत नाही, ती चीर तेवढी आठवते.

वारीहून परतल्यावर आधी जुने ग्रंथ काढले. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. घराणे मूळचे काश्मीरचे, काम हिशेबाच्या खात्याचे, आणि लिहिला काय तर ‘संगीतरत्नाकर’! माउलींनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० ला. त्याच्या आधीच्या दोन पिढ्यांतला, त्याच यादवांच्या राज्यातला हा ग्रंथ. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचा दांडा खैराचा सांगितला आहे. मर्दल, म्हणजे आपल्या मृदंगाच्याच कुळातले वाद्य, बीजकाच्या निर्दोष लाकडाचे. बीजक म्हणजे आपला बिबळा. ज्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी मधुमेहाला देतात, तोच. मापेसुद्धा आहेत : लांबी एकवीस अंगुळे, डावे तोंड चौदा, उजवे तेरा, जाडी अर्धा अंगुळ. डावे तोंड मोठे, उजवे लहान, हे आपण आजही तसेच ठेवले आहे.

खैर आणि बिबळा हीच नावे का, हे मला पोथीतून कळले नाही. ते एका म्हाताऱ्या वाद्य करणाऱ्याने समजावले. तो म्हणाला, बुवा, मृदंगात बोलते ते कातडे. खोडाने बोलायचे नाही, नेट धरून उभे राहायचे. खोड मऊ असेल तर थाप ते स्वतःच खाऊन टाकते, आणि वाद्यांच्या ओढीखाली काठ दबतो. म्हणून तिथे घट्ट लाकूड. खैर, शिसव, बिबळा ही सारी त्या पंक्तीतली. दक्षिणेतले लोक त्यासाठी फणस घेतात. वीणेचे उलट आहे. तिथे तारेचा थरथराट घोडीवरून खाली तबलीत उतरतो आणि तबली हलली तरच नाद भरतो. तिथे जड लाकूड म्हणजे मुक्याच्या तोंडी अभंग. तरी खुंट्या मात्र शिसवीसारख्या कठीण लाकडाच्याच हव्यात, नाहीतर लावलेला सूर दर वळणाला घसरतो.

पण मग शार्ङ्गदेवाने वीणेचा दांडा खैराचा का म्हटला? माझा तर्क सांगतो, पटला तर घ्यावा. तो दरबारातली, बसून वाजवायची वीणा सांगत होता. खैराचा गाभा जवळजवळ पाण्याइतका जड. बैठकीत ते वजन दांडा वाकू देत नाही, हा गुणच. पण तीच वीणा गळ्यात घालून वाखरीपर्यंत चालून पाहा!

चालणाऱ्या वीणेचे लाकूड आपल्याला मिळाले ते मिरजेहून. तिथले शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारे उजळणारे मुसलमान कारागीर. संस्थाने इंग्रजांच्या छायेत गेली, तलवारी खुंटीवर चढल्या आणि हातातला धंदा गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. पुढे ती गल्लीच सतारमेकरांची झाली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्या दिंड्यांतल्या कितीतरी भजनी वीणाही त्याच हातांनी घडलेल्या आहेत. त्यांनी धरले ते तूण. तांबूस, सुवासिक लाकूड. वजन खैराच्या साधारण निम्मे. वाळवी सहसा लागत नाही, पटाशीखाली सरळ चालते. शास्त्रातला खैर सोडून तूण घेणे हा काही कमीपणा नव्हे. वाद्य कोणाच्या गळ्यात जाणार हे त्यांनी पाहिले.

आणि माउली, त्या वीणेचा भोपळा कुठला? मिरजेला तो जातो आपल्या पंढरपूरच्या परिसरातून. भीमाकाठच्या रानात कडू, जाड सालीचा भोपळा मुद्दाम लावतात. खायच्या कामाचा नाही, म्हणून कोणी तोडत नाही. तो वेलावर पिकतो, वाळतो, मिरजेला जातो, भिजवून, कोरून, तुणाच्या दांड्याला बसतो, आणि एखाद्या आषाढात विणेकऱ्याच्या गळ्यात परत चंद्रभागेवर येतो. याच्यावर मी एकदा तासभर बोललो होतो, लोक विषय सोडला म्हणून कुजबुजले. ते असो. दिंडीच्या गर्दीत भोपळा फुटण्याची भीती म्हणून काही जण आता लाकडीच घट करून घेतात. त्यात नाद थोडा कोरडा होतो, पण गर्दीत टिकतो. दोन्ही चालते.

आता आपल्यापैकी कोणाला दिंडीसाठी मृदंग घ्यायचा असेल तर रंगाला भुलू नका. आतून पाहा; आत सहसा रंग नसतो. गाभ्याचे लाकूड गडद असते, सालीजवळचे फिकट. फिकटात कीड आधी शिरते. गाठ काठाजवळ नसावी. खोड सावलीत, सावकाश वाळलेले हवे. लाकडातले पाणी कापलेल्या टोकातून सर्वांत लवकर निघते, म्हणून चीरही टोकालाच पडते. जाणता कारागीर टोकांना मेण लावून महिनोन्‌महिने थांबतो. वारीच्या आठ दिवस आधी ‘ताजे करून देतो’ म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार करावा. आणि खैर हल्ली कातासाठी इतका तोडला गेला आहे की खैराचाच हट्ट मी धरणार नाही. शिसव किंवा फणस चांगला वाळलेला असला तर भजनाचे काही अडत नाही.

गळ्यातल्या माळेला मात्र यातला एकही हिशेब लागू नाही. तुळशीची काडी ना भक्कम, ना जाड. सुतार तिच्याकडे पाहणारही नाही. तिथे लाकडाचा गुण पाहायचा नसतो, ती तुळस आहे एवढेच पाहायचे असते. म्हणून तिथली फसवणूक मला मृदंगाहून जास्त लागते. दुसऱ्याच कसल्या लाकडाचे गुळगुळीत मणी तुळशीचे म्हणून खपतात. माळ पिढीजात करणाऱ्यांकडून, समोर मणी कातून घ्यावी.

माझी वीणा मी पाच वर्षांपूर्वी आमच्या दिंडीतल्या एका तरुणाला दिली. दांडा तुणाचा, खुंट्या शिसवीच्या. भोपळ्याला डाव्या बाजूस एक सांधा आहे. तो नीरेच्या पुलावरच्या रेटारेटीत बसलेल्या धक्क्याचा. मिरजेला नेऊन जोडून घेतला तेव्हा कारागिराने भोपळ्याच्याच सालीचा तुकडा आतून बसवला आणि मजुरी विचारली तर म्हणाला, पंढरीला जाणारी आहे, परत आल्यावर बघू.