बांबूची व्याख्या आणि मेंढा (लेखा) येथील वनाधिकार

कायद्यातील एका शब्दाची व्याख्या लोकजीवनावर किती दूरवर परिणाम करू शकते, याचे बांबू हे बोलके उदाहरण होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू तृणकुलात मोडतो. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याचा समावेश ‘वृक्ष’ या संज्ञेत केला. त्यामुळे सरकारी जंगलातील बांबूची गणना इमारती लाकडाच्या बरोबरीने होऊ लागली; आणि ज्यांची घरे, कुंपणे, टोपल्या व सुपे त्याच्यावाचून होत नाहीत, त्या वनवासी गावांकडे केवळ निस्ताराची सवलत उरली.

या प्रश्नाला निर्णायक वळण देणारे मेंढा (लेखा) हे गाव गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात आहे. सुमारे पाचशे वस्तीचे हे गोंड गाव. जमीनदारी संपुष्टात आल्यानंतर येथील जंगल शासनाकडे गेले आणि पुढे त्यातील बांबू कागद गिरणीला मक्त्याने मिळू लागला. १९८० नंतरच्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टनम या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले. त्यातून गावाच्या स्वयंशासनाचा विचार मेंढ्यात रुजला. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचे साहाय्य त्यास लाभले. अभ्यासमंडळात विषयाची चर्चा करावी आणि ग्रामसभेत बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने निर्णय घ्यावा, ही पद्धती गावाने स्वीकारली. जंगलाची राखण हाही याच निर्णयांचा भाग होता. म्हणजे कायद्याने हक्क देण्यापूर्वीच गावाने कर्तव्य पत्करले होते.

२००६ च्या वनाधिकार अधिनियमाने बांबूची गणना गौण वनोपजात केली. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. तथापि, हा हक्क प्रथम अपुराच ठरला. तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यास वाहतूक परवाना लागे, आणि वनखाते जुन्या व्याख्येच्या आधारे तो देण्यास राजी नव्हते. मालकी मान्य, पण विक्री अशक्य, अशी ही विसंगती होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. २०१२ च्या सुधारित नियमांनी परवाना देण्याचा हा अधिकार सर्वत्र ग्रामसभेच्या समितीकडे सोपविला.

विक्रीचा हक्क मिळताच गाव जंगल तोडून खाईल, ही शंका वारंवार घेतली जाते. परंतु बांबूचे बेट टिकवावयाचे तर कोवळे कोंब राखून पक्व बांबूच तोडावे लागतात. मक्तेदाराचा संबंध मुदतीपुरता असतो. गावाला मात्र त्याच बेटावर पुढील पिढ्यांचा निर्वाह करावयाचा असतो. २०१३ मध्ये मेंढ्याने ग्रामदानाचा निर्णय घेऊन शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचे ठरविले, त्यामागेही हीच दीर्घ दृष्टी दिसते.

मेंढ्याचा अनुभव प्रत्येक गावास जसाच्या तसा लागू पडेल, असे नाही. सर्वसहमतीची सवय शासकीय आदेशाने निर्माण होत नाही. परंतु राखणदारी आणि अधिकार यांची फारकत करून जंगल टिकत नाही, एवढे या इतिहासावरून निश्चित म्हणता येते.