फिरदौसी रोड

दादर टीटीकडून फाइव्ह गार्डन्सकडे चालत निघालं की मुंबईचा आवाज हळूहळू मागे पडतो. दोन-तीन मजली जुनी घरं, सज्जे, फुटपाथवर सावली. दादर पारशी कॉलनी. तिथल्या एका रस्त्याचं नाव फिरदौसी रोड. उर्दू शिकवणाऱ्या माणसाचे पाय तिथे थबकणारच. ‘शाहनामा’ लिहिणारा फिरदौसी मुसलमान होता, आणि त्याने आयुष्य घालवलं ते इराणच्या जुन्या राजांच्या कथा लिहिण्यात. म्हणून पारशांनी त्याला आपला मानला.

या वस्तीचं मूळ प्लेगमध्ये आहे. 1896 साली मांडवीत साथ सुरू झाली आणि शहरभर पसरली. दाटीवाटीच्या चाळींना हवा-उजेड नाही हे सरकारला तेव्हा दिसलं. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी घेतल्या, रस्ते आखले, प्लॉट पाडले. ट्रस्टमधले इंजिनीअर मंचेरजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशांसाठी 103 प्लॉट राखून घेतले. बागा, झाडं, कमी उंचीच्या इमारती असा त्यांचा आग्रह होता. त्यांचा पुतळा कॉलनीत आहे, आणि तो मान त्यांना मिळायलाच हवा.

शेजारीच हिंदू कॉलनी. नावातच सगळं आलं. पण त्याच हिंदू कॉलनीत डॉ. आंबेडकरांनी 1930च्या दशकात पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधलं. पाटीवरच्या नावाला तेवढी फट पडली, हे मला फार आवडतं.

पारशांची संख्या थोडी, त्यांना जपून राहावंसं वाटलं, हे मी समजू शकतो. 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही सभासदत्व समाजापुरतं ठेवण्याचा हक्क मान्य केला. पण आता हा नियम उपनियमांत लिहावा लागत नाही. काही वर्षांपूर्वी मी भाड्याने घर शोधत होतो. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश झाला, “या सर, संध्याकाळी दाखवतो.” मग नाव विचारलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “मालक गावाला गेलेत.”

परवा वर्गातल्या मुलांना फिरदौसीबद्दल सांगत होतो. त्याच्या नावाचा रस्ता दादरमध्ये आहे म्हटल्यावर एकाने विचारलं, “सर, तिथे आपल्याला घर मिळेल?” मी फळ्याकडे वळून तारीख लिहिली.