गुडघ्यांचे दुखणे आणि दोन धर्मोपदेशक

रविवारच्या मिस्साबलिदानात भाविक गुडघे टेकतात, तेव्हा मागच्या बाकांवरील काही वयस्क मंडळी संकोचाने बसूनच राहतात. मिस्सा संपल्यावर दारापाशी थांबून ती आम्हांला विचारतात, "फादर, या संधिवातावर एखादे झाडपाल्याचे औषध आहे का हो?" काही वर्षांपूर्वी अशाच एका मातेला कुणा विक्रेत्याच्या पुडीने आठवड्याभरात चालते केले. आम्हीही हरखलो आणि त्या विक्रेत्याचे ठिकाण आणखी चौघांना सांगितले. सहा महिन्यांनी त्या मातेचा चेहरा सुजला, रक्तातील साखर वाढली. 'शुद्ध वनौषधी' म्हणून घेतलेल्या त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टरांचे मत पडले. पुडीत काय आहे, हे आम्ही विचारलेच नव्हते. धर्मगुरूच्या शब्दावर लोक किती विसंबतात, याची त्या दिवशी आम्हांला लाज वाटावी इतकी जाणीव झाली. त्यानंतर या विषयाचा इतिहास आम्ही धुंडाळू लागलो आणि त्यात दोन धर्मोपदेशक भेटले. त्यांची ओळख वाचकांना करून द्यावी, असे वाटते.

पहिले रेव्हरंड एडवर्ड स्टोन. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरातल्या चिपिंग नॉर्टन येथील हे अँग्लिकन पाद्री. विलो म्हणजे आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील झाड. त्याची साल त्यांनी एकदा सहज चाखली. तिचा कडूपणा त्यांना सिंकोनाच्या सालीसारखा वाटला. पेरू देशातून येणारी ती महाग साल हिवतापावर दिली जात असे आणि जेझुइट धर्मगुरूंनी तिचा युरोपात प्रसार केल्यामुळे तिला 'जेझुइटांची साल' असेही म्हणत. स्टोन यांनी विलोची साल भट्टीच्या उबेत तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली, कुटून तिची पूड केली आणि पाच वर्षांत सुमारे ५० तापकऱ्यांना दिली. १७६३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून त्यांनी सालीचे नाव, पूड करण्याची रीत, मात्रा, आलेला गुण, सारेच कळवले. चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापासारख्या काही तापांत ही पूड एकटी पुरी पडत नाही, तेव्हा तिच्यात सिंकोनाची साल मिसळावी लागते, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही.

रोग ज्या भूमीत होतो तिथेच त्याचे औषध उगवते, अशी स्टोन यांची समजूत होती. दलदलीत ताप होतो आणि विलोही दलदलीत वाढते, एवढाच त्यांचा आधार. ही कारणमीमांसा आज टिकत नाही. त्यांचे निरीक्षण मात्र उघड नोंदलेले असल्यामुळे पुढच्यांच्या उपयोगी पडले. १८२८ मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी विलोच्या सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळे काढले. पुढे स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉ. टॉमस मॅक्लागन यांनी ते आधी स्वतः घेऊन पाहिले, मग सांधे सुजून ताप येणाऱ्या रुग्णांना दिले आणि १८७६ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. तापासाठी चाखलेली साल अशा रीतीने ११३ वर्षांनी सांध्यांच्या कामी आली.

दुसरे धर्मोपदेशक आपल्या अधिक जवळचे. फादर सेबॅस्टियन क्नाइप यांचा जन्म १८२१ मध्ये बव्हेरियातील एका गरीब विणकराच्या घरी झाला. धर्मगुरू होण्याची ओढ मोठी, परंतु शिकत असतानाच क्षयाने गाठले. योहान हान नावाच्या जर्मन वैद्याचे जलोपचारावरील एक जुने पुस्तक त्यांच्या हाती लागले. ते वाचून १८४९ च्या हिवाळ्यात हा आजारी विद्यार्थी डॅन्यूब नदीच्या गोठत्या पाण्यात क्षणभर बुडी मारी आणि धावत घरी परते. प्रकृती सुधारली, १८५२ मध्ये गुरुदीक्षाही झाली. १८५५ मध्ये व्योरिसहोफेन या खेड्यातील डॉमिनिकन भगिनींच्या मठात त्यांची नेमणूक झाली आणि १८८१ मध्ये ते त्याच गावचे प्रमुख धर्मगुरू झाले.

या खेड्यात त्यांच्याकडे दुखणाईतांची रीघ लागली. त्यांच्या उपचारांत पाणी, वनस्पती, हालचाल, साधा आहार आणि मनाची सुव्यवस्था अशा पाच गोष्टी होत्या. दुखऱ्या अंगावर ते 'गवतफुलां'चा शेक सांगत. वाळलेल्या गवताच्या गंजीखाली फुलांचा व बियांचा जो चुरा उरतो, तो कापडी पिशवीत भरून वाफवायचा आणि सोसेल इतपत गरम असताना सांध्यावर ठेवायचा. हे वाचताना आम्हांला आपल्याकडील निर्गुडीच्या पाल्याचा शेक आठवला. त्या निर्गुडीवर गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. गरिबाच्या अंगणातले औषध दोन्हीकडे सारखेच साधे होते.

परंतु केवळ शेक घेऊन पडून राहणे क्नाइप यांना मान्य नव्हते. दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चाला, गार पाण्यात पावले उचलून टाका, अंगमेहनतीचे काम करा, असा त्यांचा आग्रह असे. परवान्यावाचून वैद्यकी करतात म्हणून त्यांच्यावर तक्रारी झाल्या. १८८६ मध्ये त्यांनी आपले सारे उपचार 'माझा जलोपचार' अशा अर्थाच्या नावाच्या पुस्तकात छापून टाकले आणि त्यामुळे ते कुणालाही वाचता आले, पारखता आले. १८९४ मध्ये त्यांच्या पद्धतीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांची संघटनाही उभी राहिली. सर्व रोग रक्तातील दूषित द्रव्यांपासून होतात, ही त्यांचीही समजूत चुकीचीच होती. पण तेही काही लपवून ठेवणारे नव्हते.

१७ जून १८९७ रोजी क्नाइप यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच जर्मनीत, बायर कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स हॉफमन यांनी सॅलिसिलिक आम्लापासून ते औषध शुद्ध स्वरूपात तयार केले, जे १८९९ पासून अ‍ॅस्पिरिन या नावाने जगभर गेले. वेदना शमवणारी गोळी स्वस्त झाली आणि चालण्याचा उपदेश मागे पडला. विसाव्या शतकात बराच काळ संधिवाताच्या रुग्णाला बिछान्यात विश्रांती देणे हाच शिष्टसंमत उपचार होता. दुखणारा सांधा वापरू नये, हे वरवर पटण्यासारखेच आहे.

पुढील संशोधनाने ते मत बदलले. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचालीत ती दाबली जाते, सुटते, आणि तेव्हा भोवतालच्या वंगणासारख्या द्रवातून तिला पोषण मिळते. मांडीचे स्नायू बळकट असले तर गुडघ्यावरील ताण कमी होतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेच्या विकारावर जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यायामाला अग्रस्थान आहे. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, हळूच खाली घ्यावा. असे दहा वेळा करावे. याला पैसा पडत नाही. मात्र सांधे लाल होऊन सुजत असतील, सकाळी हात तासभर आखडत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे शेक आणि व्यायाम एकटे पुरे पडत नाहीत. लवकर डॉक्टरांकडे गेले नाही, तर सांधे कायमचे वाकतात.

योहानकृत शुभवर्तमानातील बेथेस्दा तळ्याकाठचा, अडतीस वर्षे आजारी असलेला रुग्ण पाणी हालण्याची वाट पाहत पडून होता. प्रभूने त्याला पाण्यात उतरवले नाही. त्याची इच्छा आहे का, हे आधी विचारले आणि मग त्याला उठून चालायला सांगितले. तो चमत्कार होता, व्यायामाचा पाठ नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही दुखणाइताने काठावर पडून राहू नये, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नसावी.

आता दारापाशी कुणी पुडीविषयी विचारले, तर आम्ही तीन गोष्टी विचारतो. तिच्यात काय आहे, हे विकणारा सांगतो का? ती तुमच्या डॉक्टरांना दाखवली का? आणि आज किती पावले चाललात? पुडी आधीच सुरू असेल, तर ती एकाएकी बंद न करता डॉक्टरांकडे न्यावी, असेही सांगतो. कारण स्टेरॉइड अचानक सोडणेही धोक्याचे असते. ज्या चौघांना आम्ही ते ठिकाण सांगितले होते, त्यांच्या घरी जाऊन आम्ही आपली चूक कबूल केली. ती माता आता डॉक्टरांच्या औषधासोबत रोज संध्याकाळी क्रुसापर्यंत चालत जाते. गुडघे अजून टेकवत नाहीत. मिस्सेत ती बसूनच असते, पण आता संकोचत नाही.