अग्रक्रमांची यादी आणि भंडारदऱ्याचे पाणी

विधिमंडळाचे अधिवेशन तोंडावर आले म्हणजे आमदार आपल्या मतदारसंघात बैठका घेतात आणि या खेपेस आपण कोणते प्रश्न अग्रक्रमाने मांडणार आहोत ते लोकांना सांगतात. पाणी, रस्ता, वीज, शाळा, दवाखाना, वनजमिनी अशी ती यादी असते. लोक ऐकून घेतात, दोघे-चौघे निवेदने देतात आणि सभा उठते. हा प्रघात आता इतका अंगवळणी पडला आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे कोणास वाटत नाही. परंतु राज्यकारभारात आपला माणूस पाठवावा आणि त्याच्याकडून हिशेब घ्यावा ही कल्पना महाराष्ट्रात फुकट आलेली नाही. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याच्या धरणाकडे पाहिले असता तो विशेष स्पष्ट होतो.

आरंभ पुण्यापासून करावा लागेल. १८७० साली सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. त्या वेळी लोकांना मत नव्हते आणि लोकांनी निवडलेले विधिमंडळही नव्हते. तरीही सभेने एक नियम केला. ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. अशी मुखत्यारपत्रे घेऊन पंचाण्णव सभासद आले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार सह्या होत्या. ‘मुखत्यार’ हा शब्द आपल्या कोर्टकचेरीतला आहे. मुखत्याराने मालकाचे काम करावयाचे आणि केलेल्या कामाचा हिशेब मालकाला द्यावयाचा, हे खेड्यातल्या निरक्षर शेतकऱ्यालाही ठाऊक होते. आपल्याकडे लोकप्रतिनिधी या कल्पनेचा जन्म असा मतपेटीच्या आधी मुखत्यारपत्रातून झाला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

आता भंडारदऱ्याकडे वळू. कळसूबाई आणि रतनगड यांच्या कुशीत प्रवरा नदी उगम पावते. तेथे पाऊस अतोनात पडतो आणि खाली पूर्वेकडे, राहुरी-नेवाशाच्या बाजूस, जमीन तहानलेली राहते. वरचे पाणी अडवून खालच्या जमिनीला द्यावे या हेतूने शेंडी गावाजवळ १९१० साली धरणाचे काम सुरू झाले. ते सोळा वर्षे चालले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले व त्यांचेच नाव धरणाला मिळाले. भिंतीची उंची सुमारे २७० फूट आणि साठा अकरा हजार एकोणचाळीस दशलक्ष घनफूट. त्या काळी हिंदुस्थानातील मोठ्या कामांत त्याची गणना होत होती.

हे काम चालू असताना लोकप्रतिनिधी कोठे होता? १९१९ च्या सुधारणा कायद्याने मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत झाले आणि १९२० च्या अखेरीस पहिली निवडणूक झाली. परंतु मत होते ते ठरावीक सारा, कर अथवा मालमत्ता असणाऱ्यालाच. डोंगरकपारीत नाचणी-वरई पिकविणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांपैकी कितीजणांचे नाव त्या यादीत शिरू शकणार होते, याचा विचार वाचकांनीच करावा. शिवाय द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण, आरोग्य यांसारखी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिलेली होती. जमीनमहसूल आणि पाटबंधारे ही खाती मात्र राखीव होती, म्हणजे गव्हर्नर व त्याचे कार्यकारी मंडळ यांच्या हाती होती. तेव्हा सभासदाने प्रश्न विचारला तरी निर्णय त्याच्या मताने होणार नव्हता. ज्यांची शेते जलाशयाखाली गेली त्यांना मुखत्यार नव्हता, आणि जे मुखत्यार होते त्यांच्या हाती पाणी नव्हते. भंडारदऱ्याच्या इतिहासाचा हा पहिला अध्याय होय.

दुसरा अध्याय प्रौढ मतदानाचा. १९५२ साली प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. याच सुमारास प्रवरेच्या पाण्याने खाली नवे जग उभे केले होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. या कर्तृत्वाचा अभिमान सर्व महाराष्ट्राला आहे आणि तो योग्यच आहे. परंतु नकाशा उघडून पाहावा. प्रवरेचे डावे-उजवे कालवे निघतात ते ओझरच्या बंधाऱ्यापासून, म्हणजे संगमनेरच्याही खालून. धरण अकोले तालुक्यात, पाऊस अकोले तालुक्यात, बुडालेली जमीन अकोले तालुक्यात. पाणी मात्र नदीने तालुका ओलांडून पुढे जाई. अगस्ती ऋषींनी समुद्र प्राशन केला असे पुराण सांगते. त्यांचा आश्रम ज्या अकोल्यात दाखवितात त्या अकोल्याला आपल्या नदीतले ओंजळभर पाणी मागून घ्यावे लागले.

हे मागणे दत्ता देशमुखांसारख्या अभ्यासू नेत्यांनी, लोकप्रतिनिधींनी आणि चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरले. अखेर १९८९ साली पाण्याचे फेरवाटप होऊन भंडारदऱ्याचे तीस टक्के पाणी अकोले व संगमनेर या वरच्या तालुक्यांच्या वाट्यास आले. धरण पुरे झाल्यापासून हे घडावयास त्रेसष्ट वर्षे लागली. एवढ्या काळात निवडणुका किती झाल्या आणि अधिवेशने किती भरली याची मोजदाद करावी, म्हणजे ‘अग्रक्रम’ या शब्दाचा खरा अर्थ कळू लागतो.

येथे अधिवेशनाच्या कामाची रीत थोडी सांगितली पाहिजे, कारण ती ठाऊक नसली तर आमदाराकडून काय मागावे हेच समजत नाही. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून अधिक अंतर पडू नये असे राज्यघटना सांगते. आपल्याकडे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी तीन अधिवेशने भरण्याची रीत आहे आणि १९५३ च्या नागपूर कराराला अनुसरून त्यांतील एक नागपुरास भरते. विधानसभेत आज २८८ सभासद आहेत. त्यांतील एकाच्या वाट्यास बोलावयास मिळणारी मिनिटे थोडी. परंतु त्याच्या हाती साधने पुष्कळ आहेत. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर उपप्रश्न विचारता येतात. तातडीच्या बाबीवर लक्षवेधी सूचना देता येते. खात्याच्या मागणीवर कपात सूचना मांडून त्या खात्याचा कारभार चव्हाट्यावर आणता येतो. आणि मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन हवेत विरू नये म्हणून आश्वासन समिती नेमलेली असते. तेव्हा आमदाराने ‘आम्ही पाण्याचा प्रश्न मांडणार’ असे सांगितले तर तेवढ्यावर समाधान मानू नये. तो कोणत्या साधनाने मांडणार, हे विचारणे मतदाराच्या हक्काचे आहे.

तिसरा अध्याय निळवंड्याचा. भंडारदऱ्याच्या खाली प्रवरेवर दुसरे धरण बांधावे ही कल्पना १९७० साली पुढे आली. आधी म्हाळादेवीची जागा ठरली, मग ती बदलून निळवंडे ठरले. वर्षे गेली, भिंत उभी राहिली, पाणी साठले, तरी कालवे अपुरेच राहिले. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डी येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पंचाऐंशी किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले. मूळ कल्पनेला तोवर त्रेपन्न वर्षे झाली होती आणि प्रकल्पाचा खर्च सुमारे ५,१७७ कोटी रुपयांवर गेला होता. या काळात अकोल्याचे प्रतिनिधित्व १९८० पासून २०१४ पर्यंत, लागोपाठ सात निवडणुका जिंकून, मधुकरराव पिचड यांनी केले. ते मंत्री झाले, १९९५ ते १९९९ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेतेही झाले. एवढा दीर्घ आणि वजनदार कार्यकाळ फार थोड्यांच्या वाट्यास येतो. तरीही कालव्यात पाणी पडलेले दिसले ते त्यांची आमदारकी संपल्यानंतर नऊ वर्षांनी.

यावरून कोणाला दोष द्यावा असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आम्हांस म्हणावयाचे आहे ते असे की, धरण-कालव्यांचे आयुष्य आमदारकीच्या पाच वर्षांहून फार मोठे असते. म्हणून दर अधिवेशनाला नवी यादी देणारा प्रतिनिधी पुरेसा नाही. जुनी यादी खिशात ठेवून तीतला एकेक आकडा पुढे सरकविणारा प्रतिनिधी हवा. रोजगार हमीचे उदाहरण घ्यावे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना चिकाटीने धरून ठेवली. १९७२ च्या दुष्काळाने तिची कसोटी पाहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. अग्रक्रम म्हणजे काय हे पाहावयाचे असेल तर ते येथे पाहावे.

परंतु धोका दुसऱ्याही बाजूने येतो. जे आपल्या यादीत नसते तेही सभागृहात घडते. २००५ साली विधिमंडळाने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा संमत केला. टंचाईच्या वर्षी एकाच खोऱ्यातील वरच्या व खालच्या धरणांनी तूट समान वाटून घ्यावी असे त्यात तत्त्व होते. त्याची झळ नगर-नाशिकला काही वर्षांनी लागली. प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतर असे ठरले की, ऑक्टोबरच्या मध्यास पैठणच्या जायकवाडीत पासष्ट टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागेल. भंडारदरा-निळवंडे ही त्या वरच्या धरणांतच मोडतात. पाणी सोडू लागले तेव्हा प्रवरेच्या काठी आंदोलने झाली, प्रकरणे न्यायालयात गेली. येथेही न्यायबुद्धी सोडता कामा नये. मराठवाड्याच्या मतदारालाही आमदार आहे, त्याच्याही यादीत पाणी पहिल्या ओळीत आहे, आणि जी तक्रार अकोल्याने खालच्या तालुक्यांविरुद्ध साठ वर्षे केली तीच पैठणने वरच्यांविरुद्ध केली तर तिला खोटी म्हणता येणार नाही. दोन खऱ्या मागण्यांचा तंटा रस्त्यावर नव्हे, सभागृहात सुटावा याकरिताच विधिमंडळ असते. मात्र विधेयक मांडले जाते तेव्हाच त्यातले कलम आपल्या गावाला काय करील हे प्रतिनिधीने येऊन सांगितले पाहिजे. कायदा अंगावर आल्यावर सांगण्यात अर्थ उरत नाही.

आणि हिशेब मिळाला नाही तर काय होते? मग मालक स्वतःच मुखत्याराच्या दारी जातो. मार्च २०१८ मध्ये, अधिवेशन चालू असताना, हजारो शेतकरी आणि आदिवासी नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईस गेले. वनहक्कांचे दावे हे त्यांचे प्रमुख गाऱ्हाणे होते. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये खुद्द अकोल्याहून लोणीकडे पायी मोर्चा निघाला. १९२६ साली ज्यांना मत नव्हते त्यांचीच नातवंडे-पतवंडे त्यांत चालत होती असे म्हटले तर चूक होणार नाही. रक्ताळलेल्या पायांनी विधानसभेपर्यंत जावे लागणे ही लोकांच्या जागृतीची खूण खरी. पण मधल्या दुव्याचे काम अपुरे पडल्याचीही ती खूण आहे.

तेव्हा पुढच्या अधिवेशनापूर्वी आपले आमदार गावी येतील त्या सभेत आपण तीन प्रश्न विचारावे असे आम्हांस सुचवावेसे वाटते. गेल्या अधिवेशनाच्या यादीतले काय झाले आणि मंत्र्यांनी दिलेले कोणते आश्वासन अजून अडले आहे? या वेळचा प्रश्न कोणत्या साधनाने मांडणार? आणि येऊ घातलेल्या विधेयकांपैकी कोणते आपल्या पाण्याला, जमिनीला वा रानाला शिवणार आहे? हे प्रश्न विचारावयास फार शिक्षण लागत नाही. उत्तरे वहीत लिहून ठेवावी आणि पुढच्या सभेस ती वही बरोबर न्यावी. दीडशे वर्षांपूर्वी मत नसलेल्या लोकांनी मुखत्यारपत्रावर सह्या केल्या. आपल्याला मत आहे. सही करून झाल्यावर हिशेब तपासण्याचे काम तेवढे आपल्याकडे उरले आहे.